मांड्या भरून आल्यात, मन नको म्हणतंय आणि उद्या 26 जानेवारीची रेस आहे

रविवारी सकाळी मी मागच्या दारच्या तीन पायऱ्या उलट्या उतरलो. म्हणजे पाठ अंगणाकडे, तोंड घराकडे आणि एक हात चौकटीला. आई तुळशीपुढे रथसप्तमीचं दूध उतू घालवत बसलेली, ती म्हणाली, अरे कोणी मारलं काय तुला. कोणी मारलं नव्हतं, शुक्रवारी रात्री वाडीच्या अंडरआर्म क्रिकेट टूर्नामेंटला आमचा कीपर ऐनवेळी आला नाही म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मी ग्लोव्ह्ज घातले आणि पाच मॅच बॉलगणिक बसलो-उठलो. अंडरआर्ममध्ये बॉल जमिनीलगत येतो, कीपरला पार खाली बसावं लागतं, आणि अशा किती बैठका झाल्या ते मोजलं नाही, मांड्यांनी मोजलं.

आणि सोमवारी 26 जानेवारीची दहा किलोमीटरची रेस. डिसेंबरात उत्साहात फी भरलेली, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, टीव्हीच्या शेल्फवर पडलेलं, आणि खरं सांगायचं तर दुखण्याआधीच माझं मन उतरलेलं होतं. शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी, घरात मुंबईचे पाहुणे, माघी गणपतीचे उरलेले मोदक, सगळे उशिरापर्यंत झोपणार आणि मी पावणेपाचला उठून धावायचं, कशाला?

तरी धावलो. वेळ लागला एक तास अकरा मिनिटं, जो माझ्या नेहमीच्या टायमिंगपेक्षा बारा-तेरा मिनिटांनी जास्त आहे. ह्या सगळ्यात जे काय उपयोगी पडलं, आणि आधीच्या दोन-तीन रेसमध्ये जे चुकून शिकलो, ते क्रमाने लिहितो. तुमची रेस 26 जानेवारीची असो, 1 मेची असो नाहीतर दिवाळीच्या सुट्टीतली असो, फार फरक पडत नाही. फक्त 1 मेला आपल्याकडे कोकणात सकाळी सातलाच अंगाला घामाच्या धारा असतात, तेव्हा त्या हिशोबाने सगळं अजून हळू धरा.

एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. जायचं की नाही हा निर्णय अंथरुणात घ्यायचा नाही. अंथरुणात मन नेहमी नाहीच म्हणतं. पायाला विचारायचं आदल्या दिवशी उजेडात, आणि मनाला विचारायचं थेट दोन किलोमीटर झाल्यावर. मधल्या वेळात त्याला कोणी विचारलेलं नाही.

आधी दुखणं ओळखा

आपण म्हणतो अंग आंबलंय, पाय भरून आलेत. हे एक दुखणं. लचकलंय, मुका मार बसलाय, शीर धरलीये ही वेगळी दुखणी. रेसचा निर्णय ह्या फरकावर आहे, म्हणून इथे जरा वेळ घालवा.

अंग आंबणं म्हणजे काय, तर सवय नसलेलं काम केलं की स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, मग शरीर ती दुरुस्त करायला घेतं आणि त्यात दुखतं. हे लगेच दुखत नाही, बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं आणि साधारण एक ते तीन दिवसांच्या मध्ये सगळ्यात जास्त असतं. म्हणजे शुक्रवारी रात्रीचा कीपर सोमवारी सकाळी ऐन भरात. बरेच जण सांगतात की लॅक्टिक ॲसिड साठलंय, चोळून काढलं पाहिजे. ते खरं नाही, लॅक्टेट तर तास-दीड तासात रक्तातून निवळतं, दोन दिवसांनी दुखायला ते तिथे असतंच कुठे. मला वाटतं मराठीत आपण अंग 'आंबतं' म्हणतो ना, त्यामुळे आम्लाची गोष्ट आपल्याला पटकन पटते.

सगळ्यात जास्त दुखवतं ते स्नायू लांब होत असताना लावलेला जोर. खाली बसताना मांडी हेच करते, शरीर धाडकन पडू नये म्हणून ब्रेक लावत लावत सोडते. घाट उतरतानाही तेच. म्हणून चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी दुखतं ते उतरल्याचं. आपल्याकडे किनाऱ्याचा कुठलाही रस्ता घ्या, रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा घ्या, वर चढा नि खाडीपाशी उतरा हेच चाललेलं असतं, हे पुढे रेसमध्ये कामाला येईल.

आता तपासणी, आदल्या दिवशी दुपारी करायची, वीसेक मिनिटं लागतात.

दुखणं दोन्ही पायांत साधारण सारखं आहे का? दोन्हीत असेल तर बहुतेक आंबलेलं अंग. एकाच पायात असेल तर संशय घ्या. मग विचारा, कुठे दुखतं ते तळहाताने दाखवता येतंय की एका बोटाने? अख्खी मांडी फिरून दाखवावी लागत असेल तर ठीक. 'इथे, बरोब्बर इथे' असं बोट टेकत असेल, आणि त्यातून नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर दाबल्यावर टोचत असेल, तर रेस विसरा, हाडाला तडा असू शकतो, डॉक्टरकडे जा. सूज, काळंनिळं, सांधा अडकणं, लंगडणं, ह्यातलं काही असेल तरी नाही.

मग दहा-पंधरा मिनिटं चाला. आंबलेलं अंग चालल्यावर मोकळं होतं. इजा असेल तर वाढत जातं. शेवटी एका पायावर दहा छोट्या उड्या मारा, मग दुसऱ्या पायावर. दुखलं तरी चालेल, पण पाय दगा देत असेल, गुडघा आत वळत असेल, किंवा तुम्ही उडी मारायलाच घाबरत असाल तर शरीराने उत्तर दिलंय.

अजून दोन गोष्टी आहेत ज्या थट्टेवारी न्यायच्या नाहीत. भयंकर अंग दुखतंय, स्नायू सुजल्यासारखे कडक झालेत आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर ते साधं आंबणं नाही, स्नायू जास्त मोडले की त्यातला माल रक्तात उतरतो आणि किडनीवर ताण येतो, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि ताप असेल, छातीत कफ असेल, छातीत दुखत असेल तर धावायचं नाही. नुसतं नाक वाहतंय, घसा किंचित खवखवतोय, ताप नाही, तर हळू धावायला हरकत नसते.

माझं दोन्ही मांड्यांत, पंज्याने दाखवण्यासारखं, चालल्यावर कमी होणारं. म्हणजे पाय पास.

आदला दिवस

गादीवर पडून राहू नका. मी दुपारी चारला पुतण्याला घेऊन किनाऱ्यावर अर्धा तास रमत चाललो आणि गुडघाभर पाण्यात फिरलो. आपला समुद्र जानेवारीतही काही बर्फाचा नसतो, त्यामुळे टीव्हीवरचे खेळाडू बर्फाच्या टबात बसतात तसलं काही होत नाही, पण बरं वाटतं, आणि त्या दिवशी बरं वाटणं एवढंच पाहिजे असतं.

रगडून मालीश नको. आमच्या काकीचा फार आग्रह होता, खोबरेल तेल कोमट करून घेऊनच आली, पण आधीच सोललेल्या स्नायूला अंगठे घालून रगडलं तर दुसऱ्या दिवशी अजून दुखतं, म्हणून हलक्या हाताने नुसतं चोपडून घेतलं आणि तिचंही मन राखलं. ओढून ताणून स्ट्रेचिंग करण्यातही अर्थ नाही, त्याने हे दुखणं फारसं कमी होत नाही.

पेनकिलर हा मोठा मुद्दा. रेसच्या आधी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असली गोळी घ्यायची नाही. धावताना घामाने पाणी जातं, किडनीकडे रक्त कमी जातं, आणि ह्या गोळ्या तिथेच अजून चिमटा काढतात. पोटालाही त्रास होतो. आणि गोळीने दुखणं झाकलं तर मगाशी जी तपासणी सांगितली तिला काय अर्थ राहिला, धावताना काय होतंय ते कळणारच नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दर रेसला दोन गोळ्या टाकून उभे राहतात आणि दरवेळी सांगतात मला काही होत नाही. होत नाही तोवर होत नाही.

जेवण लवकर आणि ओळखीचं. पाहुणे आहेत म्हणजे वडे-सागोती होणारच, ती दुपारी खा, रात्री नको. रात्री मऊ भात, मुगाचं वरण, तूप, लिंबू, लोणच्याची फोड, बास. तळलेलं, झणझणीत तिकला, भरपूर उसळ हे सगळं पहाटे अडचणीच्या वेळी आठवण करून देतं. दहा किलोमीटरसाठी भाताचे डोंगर खायची गरज नसते, तेवढं इंधन शरीरात असतंच. पाणी दिवसभर नेहमीसारखं, झोपताना दोन लिटर ढोसायचं नाही, रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या होतात.

झोप लागली नाही तर काळजी करू नका. रेसच्या आदल्या रात्री कोणालाच धड लागत नाही, त्याच्या आधीच्या एक-दोन रात्रींची झोप जास्त कामाची असते. हे मला माहीत होतं आणि तरी मी शुक्रवारी रात्री अडीचपर्यंत टूर्नामेंटला होतो, ते सोडा.

कपडे, बिब, पिना, मोजे, बूट सगळं रात्रीच पुढच्या पडवीत खुर्चीवर. पहाटे पाहुण्यांच्या अंगावरून पाय टाकत मोजे शोधायला लागलो की तिथेच अर्धी रेस हरतो. बूट जुनेच. ओल्या हवेत आणि खाऱ्या घामात काखा आणि मांड्या घासून सोलतात, तेव्हा व्हॅसलीनची डबी त्याच खुर्चीवर ठेवा.

मन उतरलंय त्याचं काय

इथे पण आधी ओळख. कंटाळा वेगळा आणि शिणवटा वेगळा. दोन-तीन आठवडे झोप नीट नाही, चिडचिड होतेय, सकाळी अंथरुणात असतानाची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके वर आहे, आणि साधं जॉगिंगही जड जातंय, तर ते मन नाही, शरीर सांगतंय की विश्रांती दे. अशा वेळी रेस सोडली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कारण 'सुट्टी आहे, अंथरूण गरम आहे, ह्यावेळी टायमिंग येणार नाही तर कशाला' असं असेल तर तो कंटाळा, आणि कंटाळ्यावर इलाज आहे.

पहिला इलाज म्हणजे टायमिंग मनातून पुसा, खरंच पुसा. भरून आलेल्या पायात ताकद कमी असते, नुसतं दुखत नाही, स्नायू जोरच कमी लावतो. त्यामुळे अशा दिवशी सर्वोत्तम वेळ येणार नाही हे ठरलेलं आहे. मन नको म्हणतं त्याचं अर्धं कारण हेच असतं, त्याला माहीत असतं की आपण हरणार. मी घड्याळात पेसचा, म्हणजे वेगाचा, स्क्रीनच बंद करून टाकला, नुसती वेळ आणि अंतर ठेवलं.

दुसरा इलाज, करार बदला. स्टार्ट लाइनला पोचणं सक्तीचं, संपवणं सक्तीचं नाही. मी धाकट्या भावाला सांगून ठेवलं की साडेसहापासून फोन चालू ठेव, मी दोन किलोमीटरवरच्या फाट्यावरून फोन केला तर स्कूटर घेऊन ये, काही विचारू नको. परतीची सोय असली की निघायला मन तयार होतं, असा माझा अनुभव आहे, बोटीत चढणाऱ्याला दोर दिसला की बरं वाटतं तसं.

तिसरा, कोणातरी दुसऱ्याच्या कामाला लागा. पुतण्या एकोणीस वर्षांचा, मुंबईत असतो, पहिल्यांदाच दहा धावणार होता आणि पहिल्या किलोमीटरला उधळणार हे मला दिसत होतं. त्याला म्हटलं तू माझ्याबरोबर धाव, मी तुला धरून ठेवतो. तो म्हणाला काका, तुम्हीच पायऱ्या उलट्या उतरताय. पण ठरलं. स्वतःसाठी उठवत नाही ते पुतण्याला उठवायचंय म्हणून उठवतं.

आणि सुट्टीच्या दिवशी धावण्याचं वेड काही आपलंच नाही बरं का. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नावाचा त्यांचा मोठा जेवणाचा सण असतो, त्या दिवशी सकाळी बफेलो शहरात 1896 पासून रेस होते. शहाणपण बघा, आधी पळून घ्यायचं, मग जेवायला बसायचं. आमच्याकडेही मी आईला सांगून ठेवलं होतं की आल्यावर घावणे आणि नारळाचा रस पाहिजे, आणि सातव्या किलोमीटरला मला प्रजासत्ताक वगैरे काही आठवलं नाही, तो रस आठवला.

पहाट

साडेसहाची रेस, पावणेपाचला उठलो. उठल्याबरोबर पाय कसे वाटतात ह्यावरून काही ठरवू नका, आंबलेलं अंग पहाटे लाकूड असतं. कोमट पाण्याने आंघोळ केली तर बरं. दोन केळी नाहीतर एक घावन गूळ लावून, अर्धा कप चहा, हे रेसच्या सव्वा-दीड तास आधी आत गेलं पाहिजे. मग पोट साफ व्हायला वेळ द्या, ही गोष्ट कोणी लिहीत नाही पण चार किलोमीटरवर सगळ्यांना आठवते.

अशा दिवशी वॉर्मअप नेहमीच्या दुप्पट करा. मी पाच-सहा मिनिटं नुसतं चाललो, मग कठडा धरून पाय पुढेमागे आणि आडवे झुलवले, घोटे फिरवले, अर्ध्या-मुर्ध्या हलक्या बैठका, पहिल्या तीन बैठकांना तोंडातून आवाज निघाला, सहावीला कमी. मग पाच-सहा मिनिटं अगदी संथ जॉगिंग आणि शेवटी पन्नास पावलांच्या दोन-तीन जरा जोरात चकरा. उभं राहून ताणून धरण्याचे प्रकार अजिबात नको. एक सावधानता सांगतो. गरम झाल्यावर दुखणं तात्पुरतं विरतं आणि वाटतं आपण बरे झालो. नाही झालो. पाय तेवढेच थकलेले आहेत, फक्त कुरकुर थांबलीये.

स्टार्टला सगळ्यात मागे उभे राहा. पुढे उभं राहिलात की गर्दी ओढून नेते. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतरच दिसतो, साडेसहाला झुंजूमुंजू असतं, रस्त्याकडेची जांभ्याची खडी दिसत नाही, कुत्री जागी असतात. पहिला किलोमीटर डोळे रस्त्यावर.

पहिले दोन किलोमीटर

ह्यात एकच काम, हळू जाणं. नेहमीच्या रेसच्या वेगापेक्षा किलोमीटरला पाऊण ते एक मिनिट जास्त लागू द्या. घड्याळ बघायचं नसेल तर माझा पाढ्याचा काटा वापरा. तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. 'तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट' एका दमात आलं तर वेग बरोबर. प्रत्येक आकड्याला धाप लागली तर जास्त झालं. पुतण्याला तेराचा पाढा येत नव्हता, त्याने सातचा म्हटला, चालतं.

मग दोन किलोमीटरचा फाटा. आता मनाला आणि पायाला, दोघांना एकदम विचारायचं. दुखणं सुरुवातीपेक्षा कमी झालंय की वाढलंय? माझी धाव वाकडी झालीये का, एका बाजूला कलतोय का? आणि आता खरंच थांबावंसं वाटतंय का? पहिल्या दोनातलं एकही उत्तर वाईट असेल तर फोन करा, स्कूटरवर बसा, घरी जा. तिसऱ्याचं उत्तर एवढ्यात बहुतेक बदललेलं असतं. माझं बदललं होतं. म्हणजे उत्साह बित्साह आला नव्हता, पण 'बरं, आलोच आहे तर' इतपत झालं होतं, आणि तेवढं पुरतं.

मधला पट्टा, चढ-उतार

चालायला लाजू नका, आणि दमल्यावर चालू नका, त्याच्या आधीच चाला. चार मिनिटं धाव, एक मिनिट झपझप चाल, हे पहिल्यापासून. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकेचा धावपटू, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला दहा हजार मीटर धावलेला, त्याने ही धाव-चाल पद्धत लोकांच्यात रुजवली. ह्याचा फायदा असा की स्नायूला मधेमधे सुट्टी मिळते आणि शेवटचे दोन किलोमीटर पाय शिल्लक असतात. माझ्या शेजारून एक काका गेले आणि म्हणाले, काय रे आत्तापासूनच चालतोस? सात किलोमीटरला ते कठड्यावर बसले होते.

चढावर पावलं छोटी करा, नजर दहा-पंधरा पावलांवर, किंवा सरळ चाला. चढाचं काही नाही.

उतारच खरा शत्रू. भरून आलेल्या मांडीला उतार म्हणजे तेच ब्रेक लावायचं काम पुन्हा, आणि माणूस घाबरून मागे रेलतो, टाच पुढे आपटतो, प्रत्येक पावलाला कळ गुडघ्यापर्यंत. उलट करा. पावलं एकदम छोटी आणि भरभर, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, पुढे नाही. अंग अगदी किंचित पुढे, हात जरा बाहेर तोल धरायला. टपटपटप आवाज यायला पाहिजे, थप थप नाही. उतार फारच उभा असेल तर नागमोडी उतरा नाहीतर चाला, तिथे वाचवलेलं अर्धं मिनिट पुढे पाच मिनिटांना पडतं. डांबरावर जांभ्याची बारीक खडी असेल तर कडेने जाऊ नका, घसरते.

पाणी तहान लागेल तसं, प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा केलाच पाहिजे असं नाही. सव्वा तासाच्या धावण्यात जास्त पाणी पिणंही त्रासाचंच, रक्तातलं मीठ पातळ होतं. पण ऊन वर आलं आणि अंगावर काटा येतोय, गरगरतंय, बोलणं अडखळतंय असं झालं तर तिथेच थांबा, सावलीत बसा, डोक्यावर-मानेवर पाणी ओता आणि माणूस बोलवा. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही त्यामुळे अंग थंड होत नाही, आकडा जरी पंचवीसचा असला तरी.

सहा ते आठ किलोमीटर हा वाईट भाग. वॉर्मअपची जादू उतरलेली, शेवट दिसत नाही. मी विजेचे खांब धरले. चार खांब धाव, एक खांब चाल. पुतण्या मोठ्याने खांब मोजत होता. वाटेत शाळेच्या पटांगणात झेंडावंदनाच्या आधीची लेझीमची तालीम चालली होती, पोरांनी आम्हाला बघून ठेका वाढवला, त्या ठेक्यावर दोन खांब फुकटात पार झाले.

रेसमध्ये वाळू असेल तर

आमच्या रेसचा शेवटचा दीड किलोमीटर किनाऱ्यावरून होता. वाळू म्हणजे सगळीकडे सारखीच वाळू नसते, पाणी कुठे आहे त्यावर सगळं. ओहोटीला ओली घट्ट वाळू मिळते, डांबरापेक्षा मऊ आणि पायाला छान. भरतीला वरची भुसभुशीत वाळू उरते, तिच्यात पोटऱ्या आणि घोटे मरतात.

हे आधी कळायला आपला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आधी-मागे येते, म्हणजे पहाटे सुकती (ओहोटी), किनारा मैदानासारखा. गावागणिक तास-अर्धा तास इकडेतिकडे होतं, तेव्हा बंदरावर कोणालाही विचारा, ते घड्याळ न बघता सांगतील. 2026 ला रथसप्तमी 25 ला, म्हणजे 26 ला अष्टमी, म्हणजे आम्ही वाळूवर उतरणार तेव्हा भरती नुकती फिरलेली. त्यातल्या त्यात बरं म्हणजे अष्टमीला भांग असतो, उधाण नाही, पाणी फार वर चढत नाही.

मी आधीच ठरवलं होतं की वाळूत धावायचं नाही, जिथे ओली पट्टी मिळेल तिथे जॉगिंग, बाकी चाल. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय खाली नि एक वर पडतो आणि दीड किलोमीटरमध्ये कंबर-गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. जितकी सपाट पट्टी मिळेल तितकी शोधा, लाटेने बूट भिजले तर भिजू देत. बूट काढून अनवाणी धावायचा मोह होतो, सवय नसेल तर नको, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या मांड्यांच्या जोडीला येऊन बसतात.

शेवटच्या दोनशे मीटरला पुतण्या म्हणाला काका, मी सुटू? म्हटलं सुट. तो सुटला. मी नाही सुटलो, थकलेल्या मांडीने शेवटी स्प्रिंट मारायला जाणं म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, मांडीच्या मागच्या स्नायूच्या, दुखापतीला आमंत्रण.

नंतर

लगेच बसू नका. दहा मिनिटं चाला, मग पाणी, मग लिंबू किंवा कोकम सरबत मीठ घालून. नारळपाणी चांगलंच, पण त्यात मीठ कमी असतं, तेव्हा सोबत काहीतरी खारट खा. खूप घाम गेला असेल तर घरचं ओआरएस, एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा धरा. तासाभरात पोटभर खाणं, त्यात अंडी, उसळ नाहीतर मासे असं काहीतरी पाहिजे, कारण दुरुस्तीचं सामान तेच आहे. घावणे-रसाबरोबर मी दोन उकडलेली अंडी खाल्ली, आईला ती जोडी अजिबात पटली नाही. दुपारी पाहुण्यांनी बियरच्या बाटल्या काढल्या, त्या दिवशी तरी टाळा, भरून यायला उशीर होतो आणि पाणीही जास्त जातं.

पुढचे दोन-तीन दिवस धावणं बंद, रोज वीस-तीस मिनिटं चालणं चालू. पायऱ्या उलट्या उतरायला लाजू नका, मांडीचं ब्रेकचं काम त्याने कमी होतं, फक्त कठडा धरा. साधी बैठक न कण्हता मारता आली की मग हलकं जॉगिंग. चार-पाच दिवसांनी सगळं निवळायला पाहिजे. एकच जागा मागे राहून दुखत असेल तर दाखवून घ्या, आणि एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागतेय, तर थांबायचंच नाही, रक्ताची गुठळी नाही ना ते डॉक्टरला बघू दे.

गुरुवारी मी पायऱ्या सरळ उतरलो. शुक्रवारी टूर्नामेंटच्या कॅप्टनचा फोन आला, रविवारी सेमीफायनल आहे, कीपर अजून पुण्यातच आहे, उभा राहशील का. एकदा असं दुखून गेलं की स्नायू काही आठवडे त्याच कामाला तयार राहतो, दुसऱ्या वेळी तेवढं दुखत नाही, हे मला माहीत आहे. हो म्हटलं. पण ह्यावेळी आदल्या दिवशी वीस बैठका मारून बघणार आहे आणि पुढच्या महिन्याची रेस कुठल्या वारी येते ते कॅलेंडरात आधी बघितलंय.